भिंतीतली परांचीची भोकं: ऑनलाइन गेममधले टेस्टिंग आयटम कसे ओळखायचे आणि कसे वाचायचे

माझे वडील साताऱ्यात गवंडीकाम करायचे. लहानपणी त्यांच्यासोबत एखाद्या जुन्या वाड्यावरून जाताना ते हमखास थांबायचे आणि भिंतीकडे बोट दाखवायचे. ''ती ओळीनं चौकोनी भोकं दिसतात ना? तिथं परांचीची लाकडं खोचली होती. काम झालं, लाकडं काढली, भोकं राहिली.'' मग दोन ओळींमधलं अंतर नजरेनं मोजून ते सांगायचे की गवंडी एका टप्प्याला किती उंच चढले असतील, आणि कुठे घाईनं काम उरकलंय. वाड्यात कोण राहायचं यापेक्षा तो बांधला कसा, याचीच त्यांना ओढ होती.

मी नऊ वर्षं पुण्यात गेम टेस्टिंग करते आहे. ऑनलाइन रोल-प्लेइंग गेममध्ये फक्त बनवणाऱ्यांसाठी ठेवलेले जे आयटम (खेळातल्या वस्तू) असतात, ते मला त्या भोकांसारखे वाटतात. बरेच खेळाडू त्यांच्याकडे खजिना म्हणून बघतात आणि 'मला मिळेल का' असं विचारतात. ते वाचायचे कसे, हे मला सांगायचंय. एखादा चुकून हातात आलाच तर काय करायचं, तेही पुढे सांगते, कारण त्या पहिल्या दहा मिनिटांत खूप जणांनी आपली वर्षांची मेहनत घालवलेली आहे.

आधी हे समजून घ्या: असा आयटम का लागतो

समजा, एका बॉसचे (शेवटच्या मोठ्या शत्रूचे) सहा टप्पे आहेत. सहावा संपल्यावर मागचं दार उघडतं की नाही, एवढंच मला तपासायचंय. खरा खेळ खेळून तिथे पोहोचायला पंचवीस माणसं आणि पाऊण तास लागणार. दार उघडलं नाही तर दुरुस्ती होणार, खेळाची नवीन आवृत्ती (बिल्ड) येणार आणि पुन्हा पाऊण तास. दिवसात असे वीस फेरे मारायचे असतील तर मला एका फटक्यात बॉस मारणारं काहीतरी हवं.

इथे नवखे विचारतात की त्यासाठी कन्सोलमधून, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीतून, आज्ञा देता येत नाही का? देता येते. पण आज्ञेनं मेलेला बॉस पुष्कळदा खेळाच्या हिशेबात 'खेळाडूनं मारलेला' धरलाच जात नाही. मोहिमेचा आकडा पुढे सरकत नाही, लूट (मेलेल्या शत्रूकडून मिळणारं सामान) पडत नाही, आणि दार उघडलं नाही तर चूक दाराची की आज्ञेची, ते कळत नाही. आयटम मात्र खेळाडूच्याच वाटेनं जातो. पिशवीतून क्लिक होतं, जादू सुटते, शत्रूला इजा होते, तो मरतो, लूट पडते. म्हणून टेस्टरच्या हातात आज्ञेसोबत आयटमही दिले जातात. हे डोक्यात ठेवलं की टूलटिप (आयटमवर माउस नेल्यावर दिसणारी माहिती) वाचताना 'हा किती ताकदवान आहे' याऐवजी 'यानं काय तपासत असतील' हा प्रश्न आपोआप पडायला लागतो.

आणखी एक फरक लक्षात असू द्या. सगळी विशेष ताकद आयटममध्ये नसते. ती कधी पात्रावर लावलेली एक खूण असते. अल्टिमा ऑनलाइनच्या बीटामध्ये (प्रकाशनाआधीच्या चाचणीत), ऑगस्ट १९९७ मध्ये, खेळाचे निर्माते रिचर्ड गॅरियट स्वतः 'लॉर्ड ब्रिटिश' या राजाच्या रूपात खेळाडूंसमोर उभे होते आणि एका खेळाडूनं आगीची जादू टाकून त्यांना मारलं. सर्व्हर बंद पडून पुन्हा सुरू झाल्यावर 'याला इजा होत नाही' ही खूण परत लावायची राहून गेली होती. अंगावरचे राजाचे कपडे आणि मुकुट तेच होते, पण संरक्षण त्या कपड्यांत नव्हतंच. म्हणून कर्मचाऱ्यांच्या पोशाखाचा आयटम डेटाबेसमध्ये दिसला की त्यात ताकद असेलच असं धरून चालू नका. बऱ्याचदा तो फक्त गणवेश असतो.

पहिला धडा: एक सदरा नीट वाचून बघू

वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमध्ये 'मार्टिन फ्युरी' नावाचा एक सदरा आहे. टूलटिपवर लिहिलंय की वापरल्यास ३० यार्डांच्या त्रिज्येतले सगळे शत्रू मरतात. त्यापुढे एकच शब्द आहे: 'चीटर'.

आता हा माझ्यासोबत वाचा. सुरुवात नेहमी आयडीपासून, म्हणजे यादीतल्या क्रमांकापासून करायची. याचा आयडी १७. तुलनेसाठी शेजारचे आकडे घ्या. नवीन पात्राच्या हातात येणारी 'वॉर्न शॉर्टस्वोर्ड' ही तलवार २५ आहे, 'रिक्रूट्स शर्ट' ३८ आहे, प्रत्येकाच्या पिशवीत असणारा हार्थस्टोन ६९४८, आणि नावाजलेली 'थंडरफ्युरी' तलवार १९०१९. म्हणजे नवख्याची पहिली तलवार नोंदवण्याआधीच हा सदरा यादीत आलेला दिसतो. घर बांधण्याआधी परांची बांधतात, तसंच.

मग तो कुठे घालायचा ते बघा. या खेळात सदऱ्याच्या जागेचा संरक्षणाशी किंवा ताकदीशी काही संबंध नाही, ती दिखाव्याची जागा आहे. मी टेस्टर म्हणून अशीच जागा निवडली असती, कारण हा घातला तरी बाकीचं चिलखत जसंच्या तसं राहतं आणि पात्राचे आकडे बिघडत नाहीत. हा माझा अंदाज आहे, पण अंदाज बांधायचा तो असा, दिसणाऱ्या गोष्टीवरून.

शेवटचं म्हणजे तो शब्द. 'चीटर' हे नेहमीच्या आयटमवर कुणी लिहीत नाही. बनवणाऱ्यानं बनवणाऱ्यासाठी लिहिलेली ती खूण आहे. आमच्याकडेही प्रत्येक टेस्ट आयटमच्या वर्णनात एक तरी शब्द असा घालायची सवय आहे, की परक्या माणसाला वाचताक्षणी कळावं, हे आपलं नाही.

एप्रिल २००९ मध्ये हा सदरा एका खेळाडूच्या हाती लागला. त्याच्या गिल्डमधल्या (खेळाडूंच्या संघातल्या) हॅक झालेल्या खात्याच्या वस्तू परत देताना कर्मचाऱ्याकडून चुकून हाही गेला. उल्डुआर ही नवी रेड (अनेकांनी मिळून लढायचा अवघड भाग) नुकतीच उघडली होती. त्या गिल्डनं सदरा वापरून तिथले बॉस झटपट पाडले. त्याबद्दलची नोंद सगळ्या जगाला दिसतच होती, त्यामुळे गोष्ट लपली नाही, आणि सदरा वापरणाऱ्याचं खातं बंद झालं. चूक सुरू झाली देणाऱ्याकडून, हे खरंच. पण टूलटिपवर शब्द स्पष्ट लिहिला होता आणि तो वाचूनही क्लिक केलं गेलं. मला यात सगळ्यात वाईट वाटतं ते त्या गिल्डमधल्या बाकीच्यांचं, जे नेहमीप्रमाणे खेळायला बसले होते.

आयडीचे आकडे वाचताना फसू नका

गाळलेला आकडा दिसला की 'इथे काहीतरी लपवलंय' असं वाटतं. बहुतेक वेळा तसं नसतं. ओल्ड स्कूल रूनस्केपचं उदाहरण घ्या. तिथे बँकेतून वस्तू कागदी चिठ्ठीच्या रूपात काढता येते, आणि त्या चिठ्ठीला वेगळा आयडी असतो. 'अॅबिसल व्हिप' हा चाबूक ४१५१ आणि त्याची चिठ्ठी ४१५२. हे माहीत नसलं तर अर्धी यादी गूढ वाटेल. म्हणून कुठल्याही खेळात हात घालण्याआधी त्याच्या क्रमांकांची रीत शिकून घ्या. दहा अगदी ओळखीचे आयटम निवडा, त्यांचे आयडी कागदावर लिहा, आणि जुने कुठले, नवे कुठले, जोडीनं येणारे कुठले ते बघा. हे अर्ध्या तासाचं काम आहे. ते टाळून कुणी पुढे गेलं की शंभर टक्के चुकतं, हे मी नव्या टेस्टरांसोबत पाहिलंय.

याच खेळात माझा सगळ्यात आवडता टेस्ट आयटम आहे: सडका बटाटा. साधा बटाटा १९४२, आणि हा 'रॉटन पोटॅटो' ५७३३. तो फक्त हा खेळ बनवणाऱ्या जॅगेक्स कंपनीच्या मॉडरेटरांकडे (कर्मचाऱ्यांकडे) असतो, आणि त्यांचं कामाचं हत्यार आहे. या खेळात कुठल्याही वस्तूवर उजवं क्लिक केलं की तिचे पर्याय दिसतात. बटाट्याचे पर्याय आहेत खाणं, चिरणं, सोलणं, कुस्करणं. प्रत्येक पर्यायामागे बनवणाऱ्यांची वेगळी सोय दडलेली. वेगळा मेनू बांधायचे कष्ट न घेता, खेळात आधीपासून असलेल्या उजव्या क्लिकचाच मेनू करून टाकलाय. स्वयंपाकघरातल्या चार क्रिया घेऊन अख्खी हत्यारपेटी उभी करणारा माणूस कोण होता मला माहीत नाही, पण हे काम पाहून मला अतिशय आनंद होतो. यातून शिकायचं ते असं, की टेस्ट आयटम चमकदारच दिसेल असं नाही. फालतू दिसणाऱ्या वस्तूला गरजेपेक्षा जास्त पर्याय असतील, तर तिथे थांबून बघा.

नावं वाचायची सवय

वॉरक्राफ्टच्या डेटाबेसमध्ये नावाच्या सुरुवातीलाच बरंच कळतं. 'क्यूएएनचांट'नं सुरू होणारे आयटम टेस्टरांचे, कारण क्यूए म्हणजे क्वालिटी अॅश्युरन्स, आमचाच तपासणीचा विभाग. शस्त्रावर एखादी जादू चढवायची असेल तर खेळाडूला सामान गोळा करावं लागतं, टेस्टर हे वापरून थेट चढवतो. 'डेप्रिकेटेड' लिहिलेला आयटम म्हणजे वापरातून काढलेला. जुन्या नोंदी पुसल्या तर त्यांच्यावर अवलंबून असलेलं काही मोडेल, म्हणून तो तसाच ठेवतात. 'मॉन्स्टर' आणि पुढे आडवी रेघ असं नाव असेल तर ते राक्षसांच्या आणि पहारेकऱ्यांच्या हातात दाखवायचं शस्त्र. त्याचा टेस्टिंगशी संबंध नाही, पण नवखे संग्राहक सगळ्यात जास्त इथेच गोंधळतात.

काही नावं मात्र माणसांचा वास घेऊन येतात. 'फोरोर्स क्रेट ऑफ एंडलेस रेझिस्ट गिअर स्टोरेज' ही ३६ कप्प्यांची पिशवी बघा. जुन्या काळात साध्या खेळाडूची मोठ्यात मोठी पिशवी १८ कप्प्यांची असायची. तेव्हाच्या रेडमध्ये आगीपासून, थंडीपासून, विषारी निसर्गजादूपासून बचाव करणारे वेगवेगळे पोशाख बाळगावे लागायचे, आणि पिशव्या त्यांनीच भरून जायच्या. नावातच ती तक्रार आहे. ज्यानं हे नाव दिलं त्यानं ते ओझं स्वतः वाहिलेलं होतं, हे वाचताना जाणवतं.

मेपलस्टोरीत खूण आणखी सोपी आहे. 'विझेट प्लेन सूट', त्याची पँट, विझेटची टोपी आणि 'विझेट सीक्रेट एजंट सूटकेस'. विझेट हे खेळ बनवणाऱ्या स्टुडिओचं नाव. खेळाच्या जगात ज्या नावाला जागाच नाही, असं नाव आयटमवर दिसलं की तो कर्मचाऱ्यांचा असण्याची शक्यता दाट.

पण एक सावधगिरी. लपलेला म्हणजे टेस्टचाच, असं नसतं. वॉरक्राफ्टमध्ये 'अॅशब्रिंगर' तलवार १३२६२ या आयडीवर खेळाडूंना दिसत होती आणि ती मिळवण्यासाठी लोकांनी काय काय केलं! कुणी तळ्यात मासे धरत बसलं, कुणी एकाच पात्राशी पुन्हा पुन्हा बोलत बसलं. ती मिळणारच नव्हती. २००६ मध्ये तिचं शापित रूप आलं आणि खरी तलवार खेळाडूंच्या हाती पडायला २०१६ उजाडलं. ते पुढच्या मजल्याचं साहित्य होतं, परांची नव्हे. अशा आयटमवर टेस्टरच्या खुणा नसतात. आकडे समतोल असतात, चित्र पूर्ण काढलेलं असतं, नावात गोष्ट असते.

बघायचं कुठे

नियम एकच: जे प्रसिद्ध केलेलं आहे ते वाचा, चालू ऑनलाइन गेमच्या फाइली किंवा मेमरी यांना हात लावू नका. एवढं पाळलं तरी पाहायला आयुष्य पुरणार नाही इतकं आहे.

वॉरक्राफ्टसाठी वाउहेड ही साइट, रूनस्केपसाठी खेळाडूंचे विकी, आणि जुन्या खेळांतल्या न वापरलेल्या गोष्टींसाठी द कटिंग रूम फ्लोअर ही साइट. आज हे सगळं एका शोधात मिळतं, पण पूर्वी तसं नव्हतं. वॉरक्राफ्टच्या पहिल्या वर्षांत आयटमची माहिती सर्व्हरवर असायची आणि मागितल्यावरच तुमच्या संगणकाला मिळायची. २००६ च्या १.१० पॅचनंतर (खेळातल्या सुधारणेनंतर), तुमच्या सर्व्हरवर कुणीच न पाहिलेल्या आयटमची माहिती मागितली तर तुम्ही थेट खेळाबाहेर फेकले जायचात. अॅटलासलूट या अॅडऑनमध्ये (खेळाला जोडायच्या पूरक प्रोग्राममध्ये) त्यासाठी 'असुरक्षित आयटम' अशी सूचना यायची. २०१० मध्ये कॅटॅक्लिझम या विस्तारभागाच्या वेळी आयटमच्या नोंदींचा मोठा भाग खेळाच्या फाइलींत आला आणि चित्र पालटलं. जुन्या चर्चांमध्ये 'हा आयटम कुणीच पाहिलेला नाही' असं वाचाल तेव्हा ते कोणत्या वर्षी लिहिलंय ते आधी बघा.

स्वतः हात चालवून शिकायचं असेल तर मी ईव्ह ऑनलाइन हा अंतराळातल्या जहाजांचा खेळ सुचवते. त्याचे निर्माते सीसीपी खेळातल्या सगळ्या प्रकारांची यादी स्वतःच सर्वांसाठी खुली ठेवतात. ती उतरवून घ्या. मूळ फाइल मोठी आहे, साध्या नोटपॅडमध्ये उघडायचा हट्ट नको. खेळाडूंनी केलेली तयार तक्त्यांची रूपांतरं मिळतात, ती एसक्यूलाइट या तक्ते वाचायच्या प्रोग्राममध्ये उघडा. प्रत्येक ओळीत आयडी, नाव, गट आणि 'पब्लिश्ड' नावाचा एक रकाना आहे. आधी ३४ ते ४० या ओळी काढा: ट्रिटेनियम, पायराइट, मेक्सालॉन, आयसोजेन, नॉक्सियम, झायड्रिन, मेगासाइट. ही रोजची खनिजं, ओळीनं, बहुधा एका बैठकीत नोंदवलेली. असा सलग पट्टा दिसला की एका माणसाच्या एका दिवसाच्या हाताचा अंदाज बांधता येतो. मग 'पब्लिश्ड' रकान्यात नकार असलेल्या ओळी वेगळ्या करा. एकदम हुरळून जाऊ नका, त्यातल्या बहुतेक ओळी शत्रूंची जहाजं, जुन्या नोंदी आणि आतली जोडणी अशा असतात. गटानुसार लावा, आणि ज्या गटात एकच ओळ वेगळी पडलेली दिसते तिथे थांबा. नंतर 'पोलॅरिस' हे नाव शोधा. ती सीसीपीच्या कर्मचाऱ्यांची जहाजं.

आणि हातात तशी ताकद घेऊन बघायचीच असेल, तर तिचीही राजरोस वाट आहे. ईव्हचा सिंग्युलॅरिटी हा टेस्ट सर्व्हर याचसाठी होता: बाजारात बहुतेक वस्तू १०० आयएसकेला (खेळातल्या चलनात) मांडलेल्या, म्हणजे जवळपास फुकट, आणि कितीही जहाजं फोडता यायची. वॉरक्राफ्टचा पीटीआर हा टेस्ट सर्व्हरही खेळाडूंनी तपासायलाच उघडतात. तिथे तुम्ही जे शोधाल त्याचा बनवणाऱ्यांना उपयोग होतो.

टेस्टरची खोली आतून कशी असते ते बघायचं असेल तर स्कायरिम घ्या. तो एकट्यानं खेळायचा गेम आहे, तुमच्याच संगणकावर चालतो, कुणाचं काही बिघडत नाही. आधी खेळ सेव्ह करा. कन्सोल उघडा, सी-ओ-सी ही तीन अक्षरं, एक जागा सोडून क्यू-ए-एस-एम-ओ-के-ई, आणि एंटर. एका साध्या खोलीत पोहोचाल. ओळीनं पेट्या, त्यांत खेळातल्या वस्तू, बाजूला चिलखत घडवायची, काढे करायची, जादू चढवायची साधनं. पेटी उघडताना खेळ काही क्षण अडखळतो, घाबरू नका. परतीसाठी त्याच सी-ओ-सी पुढे रिव्हरवुड. 'स्मोक' हा शब्द 'स्मोक टेस्ट'मधला, नवीन यंत्राला वीज जोडल्यावर धूर येतो का ते बघायची पहिली तपासणी. मी पहिल्यांदा तिथे उभी राहिले तेव्हा मला आमच्या ऑफिसच्या टेस्ट मॅपची आठवण झाली. तीच उघडी फरशी, सजावटीचा पत्ता नाही, सगळं हाताच्या अंतरावर.

तशीच खोली फॉलआउट ७६ मध्येही राहून गेली होती, आणि तो ऑनलाइन खेळ. २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये तो आला आणि थोड्याच आठवड्यांत काही खेळाडू त्या डेव्हलपर खोलीत शिरले. आत खेळात अजून न आलेल्या वस्तू होत्या, आणि वूबी नावाचा एक माणूस, जिथे बाकी जगात तेव्हा अशा मानवी पात्रांचा मागमूस नव्हता. शिरणाऱ्यांची खाती थांबवली गेली. स्कायरिममध्ये जी गोष्ट घरातली, तीच ऑनलाइन खेळात दुसऱ्याच्या घरातली होते. जागा तीच, दार तसंच, पण आत इतर हजारो लोकांचा बाजार आणि मेहनत असते.

हातात आलाच तर

थांबा. घालू नका, वापरू नका, विकू नका, कुणाला पाठवू नका. टाकूनही देऊ नका. तो तुमच्याकडे कसा आला हे शोधायला त्याची तुमच्या पिशवीतली जागासुद्धा उपयोगी पडते. रेडमध्ये असाल तर 'मला निघावं लागतंय' एवढं सांगून बाहेर पडा आणि एखाद्या शांत गावात उभे राहा.

टूलटिप पूर्ण दिसेल असा स्क्रीनशॉट घ्या, घड्याळासकट. मग आठवण ताजी असतानाच मागच्या पंधरा मिनिटांत काय काय केलं ते लिहून काढा. हे सगळ्यात महत्त्वाचं आणि नेमकं हेच लोक सोडून देतात. खेळातल्या अधिकृत मदतीच्या वाटेनं तक्रार पाठवा. ती अशी असावी:

''आज रात्री ९:४० वाजता सणाची पेटी उघडल्यावर पिशवीत हा आयटम आला. पेटी मी बाजारातून विकत घेतली होती, मोहिमेतून मिळालेली नव्हती. आयटम वापरलेला नाही. त्याच वेळी उघडलेल्या दुसऱ्या दोन पेट्यांत नेहमीच्या वस्तू निघाल्या. स्क्रीनशॉट जोडला आहे.''

एवढंच. आपली मतं नकोत, बक्षिसाची मागणी नको. आणि उत्तर येईपर्यंत गिल्डच्या गप्पांतही नको. तुम्ही कुणाला फसवायच्या हेतूनं सांगणार नाही, पण 'कुठल्या पेटीतून?' या एका प्रश्नाचं उत्तर दिलंत की दहा मिनिटांत दोनशे जण तीच पेटी उघडत असतात.

असे आयटम 'विकणारे' भेटतील. त्यांच्याकडे आयटम नसतो, त्यांना तुमचा पासवर्ड हवा असतो. यावर याहून जास्त शब्द खर्च करायची गरज नाही.

नोंद कशी ठेवायची

वही असो की स्प्रेडशीट, मी सात रकाने ठेवते: खेळ, आयडी, नाव जसंच्या तसं, टूलटिप जशीच्या तशी, कुठे पाहिलं, कोणत्या पॅचमध्ये, आणि माझा अंदाज. अंदाज नेहमी वेगळ्या रकान्यात. एकदा का तो टूलटिपमध्ये मिसळला की सहा महिन्यांनी खरं काय आणि आपण धरलेलं काय, ते वेगळं करता येत नाही. नाव सुधारू नका, स्पेलिंग चुकलेलं असेल तर चुकलेलंच लिहा. ती चूकही कुणाच्या तरी घाईची खूण असते. आणि मधला आकडा रिकामा असेल तर ती ओळ गाळू नका, आकडा लिहून बाकी जागा मोकळी ठेवा.

हे शेवटचं मी का सांगते, तर अशी एक मोकळी ओळ माझी आहे. काही वर्षांपूर्वी आम्ही एका ऑनलाइन गेमवर काम करत होतो. नकाशाच्या कडा तपासायला मी एक अंगठी बनवून घेतली होती, ती घातली की पात्र दहापट वेगानं धावायचं. तिचा आयडी ९०४१७. दिवाळीच्या पेटीतल्या बक्षिसांची यादी करताना प्रत्येक वस्तूचं नाव न लिहिता आकड्यांचा पट्टा दिला गेला, ९०४०० ते ९०४२०. पट्ट्याच्या मध्ये माझी अंगठी बसलेली होती आणि ती तिथून हलवायचं काम माझं होतं. मी ते केलं नव्हतं.

संध्याकाळी पेट्या खुल्या झाल्या. अकरा जणांना अंगठी मिळाली. त्यातल्या दहा जणांनी ती घातली. अकराव्यानं वर लिहिली तशी तक्रार पाठवली, पेटी कुठून घेतली, किती वाजता, सोबत काय निघालं, सगळं. त्यामुळे आम्हाला शोधायला अर्धा तासही लागला नाही. कुणाचंही खातं बंद केलं नाही, अंगठ्या काढून घेतल्या, पेटीची यादी नावानिशी पुन्हा लिहिली. त्या रात्रीपासून आमच्या टीममध्ये टेस्ट आयटमना अगदी वेगळा, लांबचा पट्टा असतो, सार्वजनिक बिल्ड बांधताना तो पट्टा आपोआप गाळला जातो, आणि काढून टाकलेल्या आयटमचा आकडा पुन्हा कशालाही दिला जात नाही. कुणाच्या जुन्या नोंदीत तो आकडा राहिला असेल, तर उद्या त्या जागी भलतीच वस्तू उगवायला नको.

त्या गेमच्या आयटमची खेळाडूंनी केलेली एक यादी आहे. मी ती अधूनमधून उघडते. ९०४१६ वर पणती आहे, ९०४१८ वर आकाशकंदील. मधल्या ओळीत त्यांनी नाव लिहिलेलं नाही, आकडा तेवढा ठेवलाय.